परळचा दाखला आणि दिल्लीचे दप्तर

मुंबई शहराच्या महसुली इतिहासात तंबाखूचे प्रकरण फार जुने आहे. बेटावर कंपनी सरकारचा अंमल बसल्यानंतर ज्या मोजक्या बाबींतून तिजोरीत नियमाने भर पडत असे, त्यांत तंबाखूचा मक्ता ही एक बाब होती. आणि पुढे १८५७ साली तंबाखूवरील जकात, तिची किरकोळ विक्री आणि वखारींतील तिची साठवण एवढ्याच विषयाला वाहिलेला एक स्वतंत्र कायदा केवळ मुंबई शहरापुरता संमत झाला. एका शहरातील एका व्यसनद्रव्यासाठी स्वतंत्र कायदा करावा, इतके ते उत्पन्न सरकारला मोलाचे वाटत होते. दुसऱ्या महायुद्धाचा खर्च हाताबाहेर जाऊ लागला, तेव्हा १९४३ साली हिंदुस्थान सरकारने साऱ्या देशातील तंबाखूवर मध्यवर्ती अबकारी कर बसविला, आणि शेतकऱ्याच्या खळ्यापासून विडीच्या कारखान्यापर्यंत तंबाखूच्या प्रत्येक गासडीमागे सरकारी दप्तराची एक नोंद चिकटली. तेव्हापासून आजतागायत तंबाखू आणि सरकार यांचा संबंध व्यापारी व जकातदार एवढाच राहिलेला नाही. सरकार त्या व्यापाराचे लाभधारक झाले आहे.

हा कर बसण्याच्या दोनच वर्षे आधी, म्हणजे २८ फेब्रुवारी १९४१ रोजी, परळमध्ये टाटा स्मारक रुग्णालयाचे उद्घाटन मुंबईचे गव्हर्नर सर रॉजर लम्ली यांच्या हस्ते झाले होते. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने निवर्तल्या, त्यांच्या पाठोपाठ सर दोराबजींचेही देहावसान झाले, आणि अशा रोगावर स्वदेशातच उपचार व्हावेत ही त्यांची इच्छा त्यांच्या नावाच्या विश्वस्त निधीने या वास्तूच्या रूपाने पुरी केली. जागा परळची निवडली गेली, हा इतिहासाच्या दृष्टीने मोठा योग म्हटला पाहिजे. शेजारी केईएम रुग्णालय आणि शेठ गोरधनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय, थोड्या अंतरावर जुन्या गव्हर्नमेंट हाउसातील हाफकिन संस्था, आणि सभोवार लालबाग, चिंचपोकळी, शिवडी, नायगाव येथील गिरण्यांच्या चिमण्या व चाळी. ज्या रोगाचा अभ्यास करावयाचा तो रोग, आणि ज्या सवयीतून तो उद्भवतो असा संशय होता ती सवय, या दोन्ही गोष्टी रुग्णालयाच्या दरवाजाबाहेरच विपुल होत्या.

त्या वस्तीतील तंबाखूचे चलन ज्यांनी पाहिलेले नाही, त्यांना पुढील संशोधनाचे मर्म कळणे कठीण आहे. गिरणीत कापसाच्या धुरळ्यामुळे आगीचे भय सदैव असे, म्हणून खात्यात विडी-काडीला सक्त मज्जाव होता; साहजिकच साच्यावर दहा-दहा तास उभा असलेला कामगार चंचीतून चिमूटभर तंबाखू काढी, तळहातावर चुन्याचे बोट लावून अंगठ्याने ती मळी, दुसऱ्या हाताने थापटून तिची धूळ उडवी आणि तो बार खालच्या ओठाच्या आत किंवा गालाच्या एका कोपऱ्यात ठेवून देई. कित्येकांचा हा कोपरा वर्षानुवर्षे ठरलेला असे: कुणी डावा, कुणी उजवा. पाळी सुटली की फाटकाबाहेर विडी पेटे. घरात बायकांची मशेरी असे. तंबाखू तव्यावर टाकून काळी पडेपर्यंत भाजावयाची, तिचा ठसका साऱ्या मजल्यावर पसरावयाचा, मग ती चुरून, चाळून डबीत भरावयाची, आणि पहाटे नळावर पाण्याचा नंबर लावल्यावर बोटाच्या टोकाने दातांवर व हिरड्यांवर लावीत उभे राहावयाचे. कोकणातून, घाटावरून आलेल्या ज्या स्त्रीने आयुष्यात कधी विडी हातात धरली नाही, तिच्याही तोंडात तंबाखू दिवसातून चार वेळा जात असे, आणि त्याला व्यसन म्हणावे असे तिला किंवा तिच्या घरच्यांना वाटत नसे. ते दंतमंजन होते.

या रुग्णालयाच्या प्रयोगशाळांचे पहिले संचालक डॉ. वसंत रामजी खानोलकर हे विकृतिशास्त्राचे प्रकांड पंडित होते. लंडनला शिक्षण झालेल्या, ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात व नंतर परळच्या महाविद्यालयात अध्यापन केलेल्या या पुरुषाने भारतातील विकृतिशास्त्राचा पाया घातला असे त्यांचे शिष्य म्हणत, आणि त्यात अतिशयोक्ती नाही. रुग्णालय सुरू होऊन तीन वर्षे होतात न होतात तोच, १९४४ साली, त्यांनी मुंबईतील मुखकर्करोगाच्या लागोपाठच्या एक हजार रुग्णांचा आढावा अमेरिकेतील एका प्रतिष्ठित नियतकालिकात प्रसिद्ध केला. पुढच्याच वर्षी सूर्याबाई यांच्यासह लिहिलेल्या निबंधात त्यांनी लोकांच्या रूढ सवयींशी निगडित अशा कर्करोगाच्या तीन नव्या प्रकारांचे वर्णन केले: जळते टोक तोंडात धरून ओढल्या जाणाऱ्या चुट्ट्याचा, ओठाच्या खाचेत ठेवलेल्या खैनीचा आणि कमरेला घट्ट कसलेल्या धोतराचा. खानोलकरांच्या पूर्वीही मद्रास इलाख्यात आणि त्रावणकोरात काही शल्यवैद्यांनी पान-तंबाखूकडे बोट दाखविले होते. परंतु रुग्णाच्या तोंडातील व्रणाची जागा आणि त्याच्या सवयीची जागा यांची इतकी बारकाईने सांगड घालणे हे परळच्या प्रयोगशाळेचे वैशिष्ट्य. रोगी कुठल्या गावचा, कुठल्या जातीचा, काय खातो, काय ओढतो, बार कुठे ठेवतो, या साऱ्याची विचारपूस तेथे सूक्ष्मदर्शकाइतक्याच गांभीर्याने केली जाई.

१९५२ साली केंद्र सरकारच्या साह्याने त्याच आवारात भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन झाले आणि खानोलकरच त्याचे संचालक झाले. तेथे त्यांच्यासमवेत एल. डी. संघवी हे आनुवंशिकीचे अभ्यासक होते. मुंबईतील निरनिराळ्या अंतर्विवाही समाजांच्या रक्तगटांचा अभ्यास याच दोघांनी १९४९ साली प्रसिद्ध केला होता. संख्याशास्त्राची शिस्त त्यातून आलेली. या संघवींनी के. सी. एम. राव आणि खानोलकर यांच्यासह १९५५ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध केलेला निबंध हा माझ्या मते मुंबईच्या वैद्यकीय इतिहासातील एक शिलालेख आहे. कर्करोगाच्या रुग्णांच्या सवयी आणि तो रोग नसलेल्यांच्या सवयी एकमेकींशी ताडून पाहून त्यांनी दाखविले की, तंबाखू चघळण्याचा संबंध मुख्यत्वे तोंडाच्या पोकळीतील कर्करोगाशी आहे, धूम्रपानाचा, आणि धूम्रपान म्हणजे येथे प्राधान्याने विडी, जिभेच्या मुळाच्या, घशाच्या व अन्ननलिकेच्या कर्करोगाशी. डॉल आणि हिल यांचा सिगारेट व फुप्फुसाच्या कर्करोगासंबंधीचा सुप्रसिद्ध निबंध याच नियतकालिकात १९५० साली आला होता; म्हणजे लंडन आणि परळ यांत अंतर होते ते अवघे पाच वर्षांचे. शिवाय परळच्या मंडळींनी जी गोष्ट मांडली ती लंडनच्या निष्कर्षाची नक्कल नव्हती. येथील रोग वेगळा, येथील तंबाखू वेगळी, आणि पुरावाही सर्वस्वी येथल्याच माणसांच्या तोंडून मिळविलेला होता.

याच वर्षांत पाश्चात्त्य देशांत सरकार आणि तंबाखूचे कारखानदार यांचे एक निराळेच सहकार्य आकार घेत होते, आणि आपल्याकडे जे घडले त्याचे स्वरूप समजण्यासाठी त्याकडे क्षणभर वळणे अवश्य आहे. ४ जानेवारी १९५४ रोजी अमेरिकेतील सिगारेट कंपन्यांनी चारशेहून अधिक वृत्तपत्रांत एक निवेदन छापून आरोग्याच्या प्रश्नाचा शोध घेण्यासाठी आपणच एक संशोधन समिती नेमत असल्याचे जाहीर केले. त्याच्या पुढच्याच महिन्यात इंग्लंडचे आरोग्यमंत्री इयन मॅक्लिऑड यांनी पार्लमेंटला कळविले की, तंबाखू कंपन्यांनी संशोधनासाठी अडीच लक्ष पौंड देऊ केले असून ती रक्कम सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेकडे जाईल. पुढे अमेरिकेच्या सर्जन जनरलने १९६४ चा आपला विख्यात अहवाल सिद्ध करण्यासाठी सल्लागार नेमले, तेव्हा संभाव्य सदस्यांची यादी तंबाखू संघटनेलाही दाखविण्यात आली आणि नको असलेले नाव खोडण्याची मुभा तिला देण्यात आली. अहवाल प्रसिद्ध होऊन महिना लोटतो न लोटतो तोच सिगारेट कंपन्यांनी अमेरिकन वैद्यक संघाच्या संशोधन निधीला एक कोटी डॉलर देऊ केले, आणि ते स्वीकारले गेले. १९६८ पासून तर तेथील राष्ट्रीय कर्करोग संस्थेने ‘कमी घातक सिगारेट’ शोधण्यासाठी जो कार्यगट बसविला, त्यात कारखान्यांचे शास्त्रज्ञ सरकारी शास्त्रज्ञांच्या मांडीला मांडी लावून बसत. पुढील काळात न्यायालयांच्या हुकुमाने कंपन्यांची खाजगी दप्तरे उघडी झाली, आणि या सहकार्यातून कंपन्यांना हवे होते ते ज्ञान नव्हते, कालावधी हवा होता, हे त्यांच्याच कागदांवरून सिद्ध झाले.

मुंबईत अशी एकही संयुक्त समिती बसली नाही. परळच्या संशोधकांनी कारखानदारांच्या पैशावर आपले काम उभारले नाही. विलेपार्ल्याची गोल्डन टोबॅको कंपनी आणि अंधेरी-चकाल्याची गॉडफ्रे फिलिप्स यांचे सिगारेटचे कारखाने रेल्वेने अर्ध्या तासाच्या अंतरावर होते. त्यांच्या धुराड्यांची सावली परळच्या प्रयोगशाळेवर पडली नाही, ही गोष्ट अभिमानाने नोंदविली पाहिजे. मग येथे लबाडी झाली नाही, शंकेचे धुके कुणी पसरविले नाही, तरीही १९५५ चे ज्ञान चाळीतल्या माणसापर्यंत पोहोचण्यास पन्नास वर्षे का लागावीत? माझ्या समजुतीप्रमाणे याचे उत्तर असे की, पश्चिमेकडे ज्या दोन पक्षांना एका मेजाशी आणून बसवावे लागले, ते दोन्ही पक्ष आपल्याकडे एकाच सरकारच्या पोटात होते.

याचे दाखले पुष्कळ आहेत. अबकारी कर बसल्यावर दोन वर्षांनी, १९४५ साली, भारतीय मध्यवर्ती तंबाखू समिती नेमण्यात आली. शेतकरी, व्यापारी, कारखानदार आणि सरकारी अधिकारी अशा सर्वांचा तीत समावेश होता. तिच्याच आधिपत्याखाली १९४७ साली राजमहेंद्रीला मध्यवर्ती तंबाखू संशोधन संस्था निघाली आणि १९६५ साली ती भारतीय कृषी संशोधन परिषदेकडे आली. तंबाखूचे वाण सुधारणे, पानाचा रंग व कस वाढविणे, कीड हटविणे, एकरी उत्पन्न चढविणे हे तिचे कार्य, आणि ते तिने निष्ठेने केले यात संशय नाही. निपाणीच्या काळ्या मातीतील विडी तंबाखूवर ज्या मराठी भाषक शेतकऱ्यांचा संसार चाले, त्यांच्या दृष्टीने हे संशोधन उपकारकच होते. १९८१ साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तेथे झालेल्या आंदोलनात गोळीबारात जे शेतकरी बळी पडले, ते तंबाखूला रास्त भाव मिळावा एवढीच मागणी करीत होते. त्यांना दोष देण्याचे मला काहीच कारण दिसत नाही. सांगावयाचे ते इतकेच की, ‘तंबाखूवरील सरकारी संशोधन’ या शब्दांनी राजमहेंद्रीत एक अर्थ धारण केला होता आणि परळमध्ये दुसरा, एकाचा कागद दुसऱ्याच्या टेबलावर कधी आला नाही, आणि ते दोन्ही कागद समोरासमोर ठेवण्याचे काम ज्या मंत्रिमंडळाचे होते त्याला त्याची निकड भासली नाही.

१९७५ हे वर्ष या दृष्टीने विलक्षण बोलके आहे. त्या एकाच वर्षात संसदेने तंबाखूसंबंधी दोन कायदे केले. पहिल्याने तंबाखू मंडळ निर्माण केले, ज्याचे कार्यालय पुढे गुंटूरला थाटले गेले आणि तंबाखूच्या धंद्याचा विकास व निर्यातवृद्धी ही ज्याची कर्तव्ये ठरली. दुसऱ्याने सिगारेटच्या प्रत्येक पाकिटावर धूम्रपान आरोग्यास हानिकारक असल्याचा वैधानिक इशारा छापणे बंधनकारक केले. या दुसऱ्या कायद्याचे कलम वाचताना परळचा अभ्यासक अस्वस्थ झाल्यावाचून राहणार नाही, कारण तो इशारा केवळ सिगारेटपुरता होता. विडी त्यातून सुटली, खैनी-जर्दा सुटला, मशेरीचे तर नावही नव्हते. म्हणजे वीस वर्षांपूर्वी खानोलकर, संघवी आणि राव यांनी ज्या सवयींवर नेमके बोट ठेवले होते, त्याच सवयी कायद्याने मोकळ्या सोडल्या, आणि विलायतेत ज्या वस्तूविरुद्ध पुरावा गोळा झाला होता तेवढीच वस्तू येथे इशाऱ्याच्या कक्षेत आली. गिरगावातील कचेरीत जाणाऱ्या कारकुनाला त्याच्या पाकिटावर सूचना मिळाली. लालबागच्या कामगाराला आणि त्याच्या बायकोला ती मिळाली नाही.

दरम्यान मुंबईतील संशोधन थांबले नव्हते, उलट ते अधिक विस्तारले होते. टाटा स्मारक रुग्णालय १९५७ मध्ये केंद्रीय आरोग्य खात्याकडे आणि १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाकडे गेले. १९६६ साली रुग्णालय व संशोधन केंद्र मिळून टाटा स्मारक केंद्र झाले. कुलाब्याची टाटा मूलभूत संशोधन संस्था याच अणुऊर्जा विभागाच्या छत्राखाली होती, आणि तेथे डॉ. फली मेहता यांनी मूलभूत दंतसंशोधनाचा एक विभाग चालविला. मेहतांनी आधी मुंबई पोलिसांच्या तोंडांची तपासणी केली. तंबाखूच्या सवयी आणि तोंडातील पांढरे चट्टे यांच्या संबंधाचा दहा वर्षांचा पाठपुरावा करून तो वृत्तांत त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ साली प्रसिद्ध केला. सरकारच्याच चाकरीतील शिपायांच्या गालांच्या आतून मिळालेला हा दाखला होता. कोपनहेगनचे प्राध्यापक पिंडबोर्ग यांच्या साह्याने एर्नाकुलम, श्रीकाकुलम, भावनगर, सिंगभूम आणि दरभंगा या जिल्ह्यांतील ५०,९१५ ग्रामस्थ तपासले गेले (१९६९), आणि नंतर महाराष्ट्रातील १,०१,७६१ (१९७२). घरोघर जाऊन, दारातल्या उजेडात माणसाला बसवून, लाकडी पट्टीने गाल बाजूला सारून पाहावयाचे, सवय विचारावयाची, नोंदवावयाची, आणि वर्षाने पुन्हा त्याच दारात उभे राहावयाचे. दहा वर्षांच्या पाठपुराव्यानंतर असे आढळले की, मुखकर्करोगाचे नवे रुग्ण हे कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू सेवन करणाऱ्यांतूनच निघाले.

या सर्वेक्षणांना द्रव्य कोठून मिळाले हेही सांगितले पाहिजे, कारण त्यात कालाचा एक मोठा धागा गुंतलेला आहे. अमेरिकेने ‘पीएल ४८०’ या कायद्यान्वये भारताला जो गहू दिला, त्याचे मोल रुपयांत भरावयाचे असे, आणि ते रुपये येथेच साठत राहत. त्या गंगाजळीतून अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी मेहतांच्या कार्याला अर्थसाह्य केले. रेशनच्या दुकानातील तो लाल गहू दादर-परळच्या गृहिणींच्या स्मरणात आजही असेल. आणि त्याच कायद्याखाली अमेरिका आपल्या शेतकऱ्यांचा जो शिलकी माल परदेशांत खपवीत असे, त्या मालाच्या यादीत गहू व कापसाबरोबर तंबाखूही होती. एका सरकारचे एक खाते तंबाखू पाठवीत होते आणि दुसरे खाते तिच्या परिणामांचा शोध घेण्यास पैसा देत होते. दोन खात्यांतील हा दुरावा केवळ दिल्लीचा नव्हे, हे त्यावरून दिसते.

परळच्या संशोधन संस्थेत कमल रणदिवे यांनी आपल्या सहकाऱ्यांसह सुपारी आणि तंबाखू यांच्या कर्करोगजनकतेचे प्रयोग केले व ते १९७६ साली प्रसिद्ध केले. भिडे यांच्या प्रयोगशाळेने १९८८ साली मशेरीची परीक्षा घेतली, आणि भाजलेली ती काळी पूड प्रयोगातील प्राण्यांत अर्बुदे उत्पन्न करते असे दाखविले. जी वस्तू कायद्याच्या लेखी अस्तित्वातच नव्हती, तिच्यावर कुणीतरी आयुष्यातील वर्षे वेचली, याचे मला विशेष वाटते. इंडियन कॅन्सर सोसायटीने डॉ. दाराब जस्सावाला यांच्या प्रेरणेने १९६३ साली मुंबई कर्करोग नोंदवही सुरू केली होती. लोकसंख्येवर आधारलेली देशातील ती पहिलीच नोंदवही. तिच्या आधाराने जस्सावाला आणि देशपांडे यांनी १९७१ साली चघळणारे व ओढणारे यांच्या धोक्याचे मापन केले. संघवींनी हॉफमन व विंडर या अमेरिकी शास्त्रज्ञांसमवेत विडीच्या धुराचे रासायनिक पृथक्करण करून, ती सिगारेटपेक्षा सौम्य असल्याचा सार्वत्रिक समज निराधार ठरविला (१९७४). याच विंडर यांच्या न्यूयॉर्कमधील संस्थेला फिलिप मॉरिस कंपनी दीर्घ काळ पैसा पुरवीत होती, हे पुढे कंपनीच्या कागदपत्रांतून उघड झाले. संघवींच्या निष्कर्षाला त्याने बाध येत नाही, परंतु ज्ञानाच्या वाटेवर तो पैसा किती दूरवर पसरलेला होता याची कल्पना येते.

सर्वांत मोठे कार्य १९९१ साली हाती घेण्यात आले. प्रकाश गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईच्या मुख्य शहरातील मतदारयाद्या घेतल्या आणि पस्तीस वर्षांवरील सुमारे दीड लक्ष स्त्रीपुरुषांची घरोघर जाऊन गाठ घेतली. उच्च मध्यमवर्गीयांच्या पहारेकरी असलेल्या इमारतींत प्रवेश मिळणे दुष्कर, म्हणून त्या वगळाव्या लागल्या. चाळींची दारे मात्र उघडी होती. त्या काळी नवलाच्या असलेल्या हातातल्या संगणकांवर नोंदी घेतल्या गेल्या. त्यातील पहिल्या सुमारे एक लक्ष लोकांत निम्म्याहून अधिक स्त्रिया तंबाखू सेवन करणाऱ्या निघाल्या, आणि त्यांतील बहुतेक सर्व धूररहित तंबाखूच्या, म्हणजे बव्हंशी मशेरीच्या. पाच-सहा वर्षांनी त्याच दारांवर पुन्हा जाऊन कोण हयात आहे व कोण नाही याची विचारपूस झाली. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतानुसार, तंबाखू न सेवन करणाऱ्या पुरुषांच्या तुलनेत सिगारेट ओढणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण ३७ टक्क्यांनी अधिक होते आणि विडी ओढणाऱ्यांत ६४ टक्क्यांनी. गरिबाची विडी श्रीमंताच्या सिगारेटहून जास्त घातक ठरली. १९७५ च्या कायद्याने नेमकी तीच मोकळी सोडली होती.

कायद्याचे चक्र फिरण्यास दक्षिण मुंबईचे खासदार राहिलेले मुरली देवरा यांची याचिका कारण झाली. २ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान करण्यास मनाई केली. २००३ साली सर्व तंबाखूजन्य वस्तूंना लागू होणारा कायदा झाला. ५ फेब्रुवारी २००४ रोजी भारताने तंबाखू नियंत्रणाच्या जागतिक करारास मान्यता दिली. त्याच साली केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने ‘भारतातील तंबाखू नियंत्रण’ या विषयावर एक बृहद् अहवाल प्रसिद्ध केला. त्याच्या दोन संपादकांपैकी एक प्रकाश गुप्ता होते, आणि परळ-कुलाब्याच्या साऱ्या श्रमांचे सार त्यात समाविष्ट होते. म्हणजे खानोलकरांचा दाखला अखेर सरकारी दप्तरात, सरकारी मोहोरेनिशी रुजू झाला.

आणि तरीही मार्च २०१५ मध्ये, पाकिटावरील इशाऱ्याचे चित्र पंच्याऐंशी टक्के जागा व्यापेल इतके मोठे करण्याचा नियम अमलात येण्यास काही दिवसच उरले असताना, संसदेच्या ज्या समितीपुढे तो विषय होता तिचे अध्यक्ष, अहमदनगरचे खासदार दिलीप गांधी, यांनी असे प्रतिपादन केले की तंबाखूमुळे कर्करोग होतो असे सिद्ध करणारे भारतीय संशोधन उपलब्ध नाही, सारे अभ्यास परदेशी आहेत. नियम लांबणीवर पडला आणि प्रत्यक्ष अमलात आला तो १ एप्रिल २०१६ रोजी. गांधींचे ते वाक्य उच्चारले गेले त्याच्या दीड महिना आधी, १६ फेब्रुवारी २०१५ रोजी, महाराष्ट्राचे माजी गृहमंत्री आर. आर. पाटील मुखकर्करोगाने मुंबईत निधन पावले होते, आणि सारा महाराष्ट्र हळहळला होता. शरद पवारांनी स्वतःच्या शस्त्रक्रियेचा अनुभव जाहीर सभांतून सांगून तरुणांना तंबाखू सोडण्याची कळकळीने विनवणी केली होती. अशा प्रांतातील एका लोकप्रतिनिधीला परळचे नाव आठवू नये, याचे दुःख कितीही वर्षे गेली तरी कमी होणार नाही. त्यांच्या हाताशी सचिवालय होते, ग्रंथालय होते, आणि मंत्रालयाचा तो अहवाल अकरा वर्षे शेल्फावर होता. अज्ञानाचे कारण पुढे करण्यास येथे जागाच उरत नाही; जे ठाऊक होते ते विचारलेच गेले नाही.

त्या उदासीनतेचे मूळ शोधू गेल्यास पुन्हा महसुलाच्या वहीकडेच यावे लागते. एप्रिल २०१७ मध्ये महाराष्ट्राचे माजी मंत्री कै. सतीश पेडणेकर, ज्यांचा अंत कर्करोगाने झाला, त्यांच्या पत्नी सुमित्रा पेडणेकर यांनी काही डॉक्टरांसह मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. आयुर्विमा महामंडळ आणि अन्य सरकारी विमा कंपन्या यांनी सिगारेटच्या धंद्यातील सर्वांत बलाढ्य कंपनीत, म्हणजे आयटीसीमध्ये, घातलेला पैसा काढून घ्यावा, अशी तिची मागणी होती; त्या काळी या कंपनीचे तीस टक्क्यांच्या आसपास भाग सरकारशी संबंधित संस्थांच्या मालकीचे होते. आयुर्विमा महामंडळाचे मुख्यालय नरिमन पॉइंटला आहे. ज्या संस्थेला माणूस दीर्घायुषी होण्यातच लाभ, तिच्या हिशेबात सिगारेटचा लाभांश जमा व्हावा, ही विसंगती एका विधवेला न्यायालयापुढे मांडावी लागली.

जागतिक कराराच्या ५.३ या कलमान्वये आरोग्यधोरण ठरविताना तंबाखू व्यवसायाच्या हितसंबंधांना दूर ठेवण्याची जबाबदारी सरकारवर आहे. २०१० साली बंगळूरला भरणाऱ्या तंबाखू व्यावसायिकांच्या आंतरराष्ट्रीय संमेलनाला सरकारी तंबाखू मंडळाने आश्रय दिला, तेव्हा कर्नाटक उच्च न्यायालयात दाद मागावी लागली आणि मंडळाला आपले नाव मागे घ्यावे लागले. पुढे २०२० साली केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने आपल्या अधिकाऱ्यांसाठी, तंबाखू कंपन्यांशी कसा व किती संबंध ठेवावा याची आचारसंहिता जाहीर केली. ती आरोग्य मंत्रालयाच्या अधिकाऱ्यांना बांधते. वाणिज्य मंत्रालयाखालील तंबाखू मंडळ, कृषी खात्याची राजमहेंद्रीची संस्था, अबकारी वसूल करणारे अर्थ मंत्रालय आणि त्याच्या अखत्यारीतील विमा महामंडळ ही सारी तिच्या कक्षेबाहेर आहेत.